एका फोन लाइनवर अनेक लिप्या: बुलेटिन बोर्डाला वेगवेगळे अक्षरसंच कसे शिकवायचे

गेल्या पावसाळ्यात कोपरखैरण्याच्या भाच्यानं जुन्या मोडेमवर बुलेटिन बोर्ड (कॉम्प्युटरवरून फोन लावून निरोप वाचायचा-ठेवायचा फळा) उभा केला आणि पहिला कॉल मला लावायला सांगितला. नौपाड्यातल्या माझ्या दुकानातून (गोखले रोडच्या आतली गल्ली, पूर्वी डीटीपी, आता झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो) मी नंबर फिरवला. मोडेम किंचाळला, जोडणी झाली आणि पडद्यावर आलं:

फयययययययययययझ
पयययययययययययञ

"मावशी, ती चौकट आहे गं," भाचा दुसऱ्या फोनवर म्हणाला. चौकटच होती. त्यानं ती आयबीएम पीसीच्या ४३७ नंबरच्या कोड पेजमध्ये (कुठला आकडा म्हणजे कुठलं चिन्ह, त्याचा तक्ता) काढलेली. तिथे २०१ म्हणजे दुहेरी रेघेचा डावा वरचा कोपरा, २०५ म्हणजे आडवी दुहेरी रेघ, १८७ म्हणजे उजवा कोपरा. माझं टर्मिनल होतं इस्कीवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरसंचावर. इस्कीत २०१ म्हणजे फ, २०५ म्हणजे य, १८७ म्हणजे झ. आकडे जसेच्या तसे पोचले होते. फोन लाइननं तिचं काम चोख केलं होतं.

बोर्ड चालवणाऱ्यानं एवढं आधी डोक्यात पक्कं करावं: तारेवरून अक्षर जात नाही, ० ते २५५ मधला आकडा, म्हणजे एक बाइट जातो. त्याचं अक्षर होतं ते समोरच्याच्या पडद्यावर, आणि कधी अक्षर न होता हुकूम होतो. म्हणून "माझ्या बोर्डावर मराठी चालतं का" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाच्या पडद्यावर, ते आधी विचारायचं.

आधी तार नीट करा

पहिली जोडणी कायम ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. जुन्या मोठ्या कॉम्प्युटरांशी बोलायची सवय असलेले लोक टर्मिनल ७ बिट, सम पॅरिटीवर ठेवतात. मग आठवा बिट गळतो, म्हणजे १२७ च्या वरच्या प्रत्येक आकड्यातून १२८ वजा होतात. इस्कीतलं ठाणे म्हणजे १९०, २१८, १९३, २२५. वजाबाकी केली की ६२, ९०, ६५, ९७, आणि पडद्यावर 'पेक्षा मोठं'चं चिन्ह, मोठा झेड, मोठा ए, छोटा ए. मराठीच्या जागी अशी बिनअर्थाची पण स्वच्छ इंग्रजी अक्षरं दिसली, तर तुमच्या प्रोग्रामला दोष देऊ नका, कॉलरला पॅरिटी बदलायला सांगा.

(रशियन लोकांनी इथे डोकं लढवलं होतं. त्यांच्या कोई-८ मध्ये रशियन अक्षरं अशा जागी बसवली आहेत की आठवा बिट गळाला तर त्याच उच्चाराचं रोमन अक्षर उरतं, फक्त लहान-मोठं उलटं होऊन. मजकूर वाचता तरी येतो. आपल्या इस्कीत ही सोय नाही.)

फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब-चल सांगायची सोय) हार्डवेअरचा ठेवा, सॉफ्टवेअरचा बंद करा. सॉफ्टवेअरवाला १७ आणि १९ हे आकडे स्वतःसाठी राखतो, आणि काही ड्रायव्हर आठवा बिट न बघताच ते ओळखतात. मग १४५ आणि १४७ पण गिळले जातात.

चाचणीसाठी फोनचं बिल फुकट वाढवू नका. मी दोन मोडेम दुकानाच्या इंटरकॉमच्या दोन एक्स्टेंशनांना लावले. इंटरकॉमचा डायल टोन वेगळा असल्यानं मोडेम अडून बसतो, त्याला ए-टी-एक्स-३ हा हुकूम दिला की टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. आणि हल्ली घराघरात फायबरवरून फोन आलाय, त्यावर वेगाचा हट्ट धरू नका, ९६०० किंवा त्याखाली उतरा.

तुमच्या दारात कोण कोण येणार

७ बिटांची अस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा मूळ संच, ० ते १२७, ही सगळ्यांची सामाईक जमीन, निदान जवळपास. त्यावर कुणाचं ४३७, जे १९८१ च्या पहिल्या पीसीपासून आहे आणि ज्यातल्या रेघा नि ठिपक्यांच्या छटांशिवाय बोर्डांची ती रंगीत चित्रं झालीच नसती. कुणाचं ८५०, युरोपातल्या अक्षरांसाठी. कुणी रशियन ८६६ वर. कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर वापरणारा त्याच्या पेटस्कीत, तसाच जुना अटारीवाला अटास्कीत. आपली इस्की, म्हणजे भारतीय मानक १३१९४, साल १९९१: खालचा अर्धा भाग अस्की, वर १६१ पासून २५० पर्यंत आपली अक्षरं. आणि आताचं यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड (सगळ्या लिप्यांचा एकच संच) बाइटांत लिहायची पद्धत, ज्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. ठाणे इस्कीत ४ बाइट, यूटीएफ-८ मध्ये १२.

हा तिप्पट फरक डायलअपवर जाणवतो. २४०० च्या मोडेमवर सेकंदाला २४० बाइट जातात. ८० बाय २५ चा भरलेला पडदा म्हणजे २००० खुणा, इस्कीत ८ सेकंद आणि काहीतरी, यूटीएफ-८ मध्ये २५ सेकंद. तेवढ्यात चहा गाळून होतो. मोडेममध्ये व्ही-४२-बिस (मजकूर दाबून लहान करून पाठवायची सोय) असेल तर ते चालू ठेवा. यूटीएफ-८ मधलं मराठी म्हणजे २२४-१६४, २२४-१६५ ची जपमाळ, ती त्या दाबणीत छान आवळली जाते.

जुन्या डीटीपी फॉन्टातला मजकूर मात्र बोर्डावर अजिबात घेऊ नका. हे मी पोटतिडकीनं सांगते, कारण माझ्याकडे त्या काळच्या फ्लॉप्यांचे दोन खोके आहेत. त्या फॉन्टांत आकडा अक्षराचा नसतो, अक्षराच्या तुकड्याचा असतो. अर्धा त वेगळा, उभा दंड वेगळा, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. इस्की आणि युनिकोड दोन्हीकडे वेलांटी व्यंजनानंतर साठवतात. असा मजकूर आधी बाहेर बदलून घ्या, मगच आत येऊ द्या.

हुकूम होणारी अक्षरं

मी तीन दिवस इथेच अडकले होते, म्हणून जरा सविस्तर.

इस्कीचे आकडे १६१ पासून सुरू होतात, १२८ ते १६० ही जागा मोकळी सोडली आहे. ती सोडली, कारण १२८ ते १५९ हा पट्टा आठ बिटांच्या टर्मिनलांत हुकुमांसाठी आहे. यूटीएफ-८ ला असलं सोवळं नाही. त्याचे पाठचे बाइट १२८ ते १९१ मध्ये कुठेही पडतात.

आता छ घ्या. यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १५५. आठ बिटांचे हुकूम ऐकणाऱ्या टर्मिनलला १५५ म्हणजे "पुढे येतोय तो कर्सरचा किंवा रंगाचा हुकूम". ते छत्रीचं पुढचं अक्षरही हुकूम समजून गिळतं. अटारीवर तोच १५५ म्हणजे ओळ संपली, त्यामुळे छ आला की मजकूर खाली उडी मारतो.

ओ चा शेवटचा बाइट १४७. कमोडोरवर १४७ म्हणजे पडदा साफ. भाच्याच्या मित्रानं वाशीहून पिशवीत घालून कमोडोर आणला होता. बोर्डानं त्याला "ओळख सांगा" असं विचारलं आणि विचारताक्षणी प्रश्न पुसून टाकला. तो बिचारा कोऱ्या पडद्याकडे बघत बसला.

ॐ चा शेवटचा बाइट १४४, कमोडोरवर काळा रंग. पार्श्वभूमी काळी असेल तर ॐ नंतरचं सगळं असूनही दिसत नाही. आम्ही पत्रिकेच्या सवयीनं स्वागताच्या पानावर वर ॐ टाकला होता.

अ चा शेवटचा १३३, बऱ्याच टर्मिनलांवर "पुढची ओळ".

सगळ्यात वाईट हलंत. त्याचे बाइट २२४, १६५, १४१. फिडोनेटच्या (बोर्डाबोर्डांत निरोप वाहणारं जाळं) जुन्या नियमांत १४१ ला मऊ ओळतोड मानतात, आणि जुने निरोप वाहणारे प्रोग्राम तो सरळ काढून टाकतात. ८६६ कोड पेजमध्ये रशियन 'न' नेमका १४१ वर आहे, म्हणून तिथले लोक त्या जागी रोमन एच वापरायचे, दिसायला तो सारखाच. आपल्याकडे पर्यायी हलंत कुठून आणणार? निरोप अशा प्रोग्राममधून गेला की प्रत्येक जोडाक्षर फुटतं. साधी अक्षरं शाबूत आणि फक्त जोडाक्षरांच्या जागी खोकी किंवा प्रश्नचिन्हं दिसली, तर वाटेत कुणीतरी १४१ खातंय. तो प्रोग्राम बदला, नाहीतर त्या वाटेवर इस्कीत पाठवा. इस्कीतला हलंत २३२ वर सुखरूप आहे.

म्हणून नियम असा: समोरच्याचा संच कळेपर्यंत, खाली सांगितलेली परीक्षा सोडली तर, १२७ च्या वरचा एकही आकडा पाठवायचा नाही. स्वागताचं पहिलं पान साधं रोमन. चौकट नाही, ॐ नाही, काही नाही.

कॉलरला ओळखायचं कसं

जोडणी झाल्यावर दोन सेकंद गप्प बसा, मोडेमांची आपसातली कुजबुज संपू द्या. मग रोमनमध्ये एकच विनंती: बॅकस्पेस दाबा. ही युक्ती जुनी आहे आणि अजूनही हिच्याइतकी चांगली दुसरी नाही. ८ किंवा १२७ आला तर अस्कीच्या घराण्यातला, २० आला तर कमोडोर, १२६ आला तर अटारी.

कमोडोर किंवा अटारी निघाला तर पुढचं काही विचारू नका. ४० रकाने, ओळ ३९ वर मोडा, मराठी रोमन लिपीत द्या. कमोडोरला आधी १४ पाठवा म्हणजे तो लहान-मोठ्या अक्षरांच्या संचात जातो, आणि अक्षरं बदलून पाठवा: अस्कीतली लहान ९७ ते १२२ ही ६५ ते ९० वर, मोठी ६५ ते ९० ही १९३ ते २१८ वर. ही बदली विसरलात तर लहान-मोठं उलटं होतं. इंग्रजीत ते फक्त विचित्र दिसतं. पण आयट्रान्ससारख्या पद्धतीनं लिहिलेल्या मराठीत मोठ्या टी-एच चा ठ असतो आणि लहानाचा थ, मोठ्या एन चा ण असतो आणि लहानाचा न. ठाण्याचं थाने व्हायला वेळ लागत नाही.

अस्कीवाला असेल तर कर्सर कुठे आहे ते विचारायचा हुकूम पाठवा: एस्केप, म्हणजे २७, मग उघडा चौकोनी कंस, ६, आणि छोटा एन. उत्तर आलं तर त्याला रंग आणि कर्सर हलवणं जमतं. तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर साधा टर्मिनल समजा, घाई नको, लाइन मंद असते.

आता मुख्य परीक्षा. कर्सर पहिल्या रकान्यात आणा, देवनागरीतलं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये पाठवा आणि पुन्हा कर्सर विचारा. दुसऱ्या रकान्यात असेल तर समोरच्यानं ३ बाइटांचं एक अक्षर केलं, म्हणजे यूटीएफ-८. चौथ्यात असेल तर त्यानं तीन वेगळी अक्षरं काढली, म्हणजे एका बाइटाचा संच. लगेच ती ओळ पुसून टाका.

कुठलं अक्षर पाठवायचं? भाच्यानं अर्थातच अ लावला होता, आणि त्या १३३ मुळे कर्सर पुढच्या ओळीत जाऊन हिशोब चुकत होता. आम्ही ठ लावला: २२४, १६४, १६०. तिन्ही आकडे कुठल्याच टर्मिनलला हुकूम वाटत नाहीत. ठाण्याचा ठ म्हणून मला जरा जास्तच आनंद झाला, पण कारण आकड्यांचं आहे.

एका बाइटाचा संच आहे एवढं कळलं, पण तो ४३७ आहे, ८६६ आहे की इस्की, हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. तिथे माणसाचा डोळा वापरा. क्रमांक घालून ओळी दाखवा: एकीत इस्कीतलं ठाणे, दुसरीत ४३७ ची छोटी चौकट, तिसरीत ८६६ मधला एखादा रशियन शब्द. जी ओळ नीट दिसते तिचा आकडा दाबा, असं रोमनमध्ये विचारा. ४३७ वाल्याला पहिल्या ओळीत ╛┌┴ आणि शेवटी ग्रीक बीटासारखं काहीतरी दिसेल, तो ती निवडणार नाही. चौथा पर्याय "यातलं काहीच नाही" ठेवा. त्याला रोमन.

निवड कॉलरच्या नोंदीत लिहा, पण दर कॉलला ओळख परेड पुन्हा घ्या. तोच माणूस आज ऑफिसातून, उद्या घरून, परवा दुसऱ्याच्या कमोडोरवरून येतो. त्याच कारणासाठी लॉगिनचं नाव आणि पासवर्ड रोमनमध्येच असू द्या. दाखवायचं नाव खुशाल मराठीत.

आत एकच, दारात बदल

बोर्डाच्या पोटात सगळं यूटीएफ-८. बदल दोनच ठिकाणी: कॉलरकडून बाइट आत येतात तिथे आणि बाहेर जातात तिथे. मेन्यूत वेगळा, निरोपांत वेगळा असा बदल पसरवलात की कधीतरी तो दोनदा होतो. सिंक्रोनेटसारख्या बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४३७, यूटीएफ-८ आणि पेटस्कीची सोय आहे. इस्कीचा दरवाजा आपल्यालाच बसवावा लागतो. आयसीयू या मोफत लायब्ररीत इस्कीची बदली तयार मिळते, आणि हातानं तक्ता केलात तरी अवघड नाही, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच क्रमावर बेतलेली आहे.

अवघड आहे तो ऱ्या. १९९६ मध्ये एका केटररचं दरपत्रक मी छापलं, त्याचं मॅटर एका फॉन्टातून दुसऱ्यात नेताना हा अर्धचंद्री र मेला आणि रफार झाला. ५०० प्रतींवर "आचार्यांचे मानधन वेगळे" असं गेलं. स्वयंपाक्यांना एकदम गुरुकुलात बसवलं मी. प्रूफ मीच वाचलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. तर, युनिकोडात हा ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. दोन्ही ओळखा आणि इस्कीत २०८ नंतर २३२ असं पाठवा. तसंच इस्कीत हलंतापुढे पुन्हा हलंत आला तर जोडाक्षर न करता पाय मोडून दाखवायचं असतं. युनिकोडात त्या जागी हलंत आणि न दिसणारा तोडक.

ज्याला देवनागरी दिसतच नाही त्याला प्रश्नचिन्हांची माळ पाठवू नका, रोमन करून द्या. आणि ४३७ च्या चौकटी इस्कीवाल्याला पाठवताना अधिक, उणे आणि उभ्या दांडीत बदला, नाहीतर फययययझ आहेच.

मापं आणि कात्री

जुन्या बोर्डांत नावाचा रकाना २५ बाइटांचा असला की त्यात देवनागरीच्या ८ खुणा मावतात, काना, मात्रा, हलंत सगळं धरून. फिडोनेटच्या निरोपात विषयाला ७२ बाइट, त्यातला शेवटचा शून्याचा. उरले ७१, म्हणजे २३ खुणा. कापायचंच असेल तर पूर्ण अक्षरावर कापा. मधला बाइट तुटला की शेवटी ठोकळा लटकतो. निरोपाच्या माथ्यावर सी-एच-आर-एस ची, म्हणजे अक्षरसंच सांगणारी ओळ न चुकता घाला: ४३७ असेल तर त्याचं नाव आणि पातळी २, यूटीएफ-८ असेल तर पातळी ४. पुढच्या बोर्डाला अंदाज बांधायला लावू नका.

देवनागरी असलेल्या ओळीला उजवीकडची उभी रेघ काढू नका. काना एक रकाना घेतो, वरची मात्रा बहुतेक ठिकाणी शून्य, जोडाक्षर कुठे एक तर कुठे दोन. टर्मिनलागणिक हिशोब बदलतो आणि चौकटीचा उजवा काठ कंगव्याच्या दातांसारखा होतो. वर-खाली रेघ, डावीकडे हवी तर एक. बास.

बॅकस्पेसला शेवटचा बाइट नाही, पूर्ण खूण काढा, आणि मराठी ओळ असेल तर ती अख्खी पुन्हा लिहा. मेन्यूत मराठी १ आणि इंग्रजी 1 दोन्ही स्वीकारा, मराठी कीबोर्ड चालू असलेला माणूस आकडा मराठीतच दाबणार.

तपासणीचं वाक्य

आम्ही एकच वाक्य सगळीकडे पाठवतो: "ॐ. अहो, ओल्या छत्रीखाली आचाऱ्यांना १२ नारळ द्या." वरच्या सगळ्या खोड्या त्यात आहेत. यूटीएफ-८ चं मराठी चुकून ४३७ वर गेलं तर ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट घेतलेला एन यांची जोडी पुन्हा पुन्हा दिसते, ही खूण एकदा बघितली की विसरत नाही. नारळातला ळ ल झाला असेल तर तक्त्यात २०९ आणि २१० ची अदलाबदल झालीये. आचाऱ्यांचे आचार्य झाले असतील तर कुठे बघायचं ते सांगितलंच.

कॉल संपवताना समोरच्याचा पडदा होता तसा करून द्या: रंग मूळचे करायचा हुकूम, रेघांचा संच लावला असेल तर परत साधा, कमोडोरला १४२ म्हणजे तो आपल्या मोठ्या अक्षरांत परत जातो. त्यानंतर एक सेकंद थांबा, शेवटचे बाइट तारेवरून पोचू द्या, आणि मग लाइन सोडा. भाचा थांबत नव्हता. त्यामुळे मला दर वेळी "पुन्हा भेटू" ऐवजी "पुन्हा भे" मिळायचं.